पार्श्वभूमी : मेणकागदाचा बटर पेपर कसा झाला

स्वयंपाकघरातल्या युक्त्यांच्या याद्यांमध्ये ‘बटर पेपर’ हल्ली वारंवार भेटतो. काजूकतली दोन बटर पेपरांमध्ये लाटा. पुरणपोळ्या फ्रीझरमध्ये ठेवताना मध्ये बटर पेपर घाला. गरम इस्त्री बटर पेपरवर फिरवा, तळ गुळगुळीत होईल. अडकणाऱ्या खणाच्या कडेला बटर पेपर घासा, खण सरकायला लागेल. पहिल्या दोन युक्त्या बहुतेक घरांत साधतात, शेवटच्या दोन फसतात. याद्या करणाऱ्यांनी खण कधी घासून पाहिला नसावा. इस्त्री आणि खणाच्या युक्त्या मेणकागदाच्या आहेत, आणि आज बटर पेपर म्हणून जो रोल घरी येतो त्याला बहुधा मेण लावलेलंच नसतं.

मेण लावून वस्तू पाण्यापासून वाचवणं आपल्याकडे जुनं आहे. ‘मेण’ हा शब्द संस्कृत ‘मदन’वरून आला, आणि मेणकापड तर बाळंतिणीच्या खोलीत कालपरवापर्यंत होतं, पुढे त्या जागी रबराची शीट आली तरी नाव मेणकापडच राहिलं. पण मधमाशीचं मेण महाग. कागदाच्या रिळांवर रीळ मेणात बुडवायचे तर स्वस्त मेण हवं होतं. ते खनिज तेलातून आलं. पॅराफिन नावाचं हे मेण युरोपात १८३० च्या सुमारास वेगळं काढलं गेलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेलाचे कारखाने वाढले तसं ते मेणबत्तीला आणि कागदाला पुरेसं मिळू लागलं. आसामातल्या डिगबोईची रिफायनरी १९०१ सालची, आणि तिथलं मेणही प्रसिद्ध. म्हणजे मेणकागदातलं मेण हे मधमाशीपेक्षा रॉकेलचं जवळचं नातेवाईक.

या कागदाला खरं गिऱ्हाईक मिळालं ते ब्रेडचं. पाव दिवसातून दोनदा भट्टीतून निघतो आणि संपतो. त्याला वेष्टन लागत नाही. मुंबईतला पाववाला आणि गोव्यातला पोदेर यांना मेणकागदाची कधी गरजच पडली नाही. ब्रेडला मात्र दोन-तीन दिवस टिकायचं असतं. अमेरिकेत ७ जुलै १९२८ रोजी मिसुरी राज्यातल्या एका गावात यंत्राने कापलेला ब्रेड पहिल्यांदा विक्रीला आला. कापलेला ब्रेड लवकर सुकतो, म्हणून त्याचा कागद जास्त जाड मेणाचा लागतो. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १८ जानेवारी १९४३ पासून, तिथल्या सरकारने कापलेल्या ब्रेडवर बंदीच घातली. एक कारण मेणकागद वाचवण्याचं दिलं गेलं. गृहिणी भडकल्या, बेकऱ्या कुरकुरल्या, आणि ८ मार्चला बंदी उठली. कागदाच्या वेष्टनापायी सरकारला माघार घ्यावी लागल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

ब्रेडच्या कागदावर मेण चढवायची रीतही समजून घ्यायला हवी, कारण घरगुती उपयोगांचं मूळ तिथे आहे. मेण लावून कागद गरम ठेवला तर मेण आत मुरतं आणि कागद वरून कोरडा लागतो. मेण लावल्याबरोबर कागद गार पाण्यातून काढला तर ते आत मुरायच्या आधी पृष्ठभागावरच गोठतं आणि चकाकतं. ब्रेडचा कागद या दुसऱ्या जातीचा. दोन्ही टोकं मुडपून गरम पट्टी टेकवली की मेण वितळून कागद आपोआप चिकटतो, खळ लागत नाही. वर राहिलेलं हे मेणच मग इस्त्रीला, खणाला आणि खिडकीच्या खिट्टीला मिळायचं.

आपल्याकडे हा कागद घरोघरी पोहोचला तो १९६० च्या दशकाच्या मध्यापासून, सरकारी कंपनीचे ब्रेडचे कारखाने सुरू झाले तेव्हा. (ती कंपनी पुढे २००० साली खासगी हातात गेली.) मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात ब्रेड तेव्हा आजारी माणसासाठी, नाहीतर रविवारी. त्यामुळे कागद फेकायचा प्रश्नच नव्हता. रिकामं वेष्टन टोकाकडून सोडवून, चुरा झटकून, घडी घालून फडताळात जायचं. त्याच्यावर तिळाच्या वड्या थापल्या जात. तुपाचा हात कमी लागायचा. त्यात गुळाचा खडा बांधून ठेवला की पावसाळ्यात पाणी सुटायचं नाही. ओला साबण गुंडाळून गावाला न्यायचा, तो त्यातच. नळकांडं करून बरणीत तिखट भरायचं. शाळेच्या डब्यात लोणच्याची फोड पोळीला लागू नये म्हणून तुकडा फाडून घालायचा. इस्त्रीला खळीचा काळा थर बसला की कागदावर चिमूटभर मीठ पसरून गरम इस्त्री दोन-तीनदा फिरवायची. मीठ खरवडायचं, मेण तळाला हलका हात द्यायचं. नंतर एखाद्या फडक्यावर फिरवायला मात्र विसरायचं नाही, नाहीतर पहिल्या सदऱ्यावर डाग ठरलेला. या फडक्याचा उल्लेख आजच्या यादीत नसतो.

आणखी एक गुण होता, तो मुलांना माहीत होता. मेणकागदाची घडी घातली की घडीच राहते, उलगडत नाही. गोळ्यांचे कागद दोन्हीकडून पिळलेले असत ते याच गुणावर. प्लास्टिकच्या कागदाला असा पीळ धरायला शिकवणं कारखान्यांना पुढे बरंच जड गेलं.

याच सुमारास मेणाचा दुसरा कागद कचेऱ्यांत आणि शाळांत होता : सायक्लोस्टाइल या प्रती काढायच्या यंत्राची स्टेन्सिल. टाइपरायटरची रिबन बाजूला सारून टाइप केलं की अक्षराच्या आकारात मेण निघून जायचं, आणि तेवढ्याच जागेतून शाई झिरपायची. चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका तशा निघाल्या, बेचाळीसची भूमिगत पत्रकं आणि आणीबाणीतलीही. घराशी त्याचा संबंध नाही. पण ‘मेणाचा कागद’ म्हटलं की एका पिढीला ब्रेडऐवजी ही स्टेन्सिल आठवते, एवढ्यापुरती नोंद.

आता घोळाकडे.

‘बटर पेपर’ हे नाव ऐकून लोणी आठवतं, आणि ते बरोबरच आहे. लोण्याच्या वडीभोवती आतून जो मऊसर, पांढरट कागद असतो त्याला मेण नसतं. तो कागद गंधकाच्या तेजाबातून क्षणभर काढून लगेच धुतात. त्या क्षणात तंतू फुगतात, एकमेकांत मिसळतात, छिद्रं बुजतात. ही कृती १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये पेटंट झाली. या कागदातून स्निग्धांश पाझरत नाही आणि भिजला तरी लगदा होत नाही. मेणकागद लोण्याच्या कामाला कच्चा : पाणी तो छान अडवतो, पण तुपातेलाची ऊब लागली की पॅराफिन मऊ पडतं. म्हणजे सुरुवातीपासून ब्रेडचा कागद वेगळा आणि लोण्याचा वेगळा होता.

मधल्या काळात तिसरा एक कागद या नावात शिरला. लगदा बारीक कुटून, कागद जड रुळांच्या अनेक जोड्यांमधून दाबून काढला की तंतूंमधली हवा निघून जाते आणि तो अर्धपारदर्शक होतो. मेण नाही, तेजाब नाही, नुसता दाब. स्टेशनरीच्या दुकानात ‘बटर पेपर’ मागितला की हा किंवा याच्या जवळचा कागद मिळत आला आहे. भरतकामाची नक्षी त्यावर उतरवायची, रेषेवर सुईने भोकं पाडायची, आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ किंवा खडू बोळ्याने घासला की नक्षी साडीवर उमटते. शिवणक्लासच्या बायका, नकाशे काढणारी वास्तुकलेची पोरं, फोटोंचा आल्बम बांधणारे, सगळ्यांचा बटर पेपर तो हा. एका अख्ख्या पिढीने बटर पेपर पेन्सिलने ओळखला, लोण्याने नव्हे.

मग केकचे वर्ग वाढले आणि चौथा कागद आला. भट्टीत घालायचा, सिलिकोनचा पातळ थर दिलेला. त्याच्यावर ‘बेकिंग पेपर’ किंवा ‘पार्चमेंट’ लिहिलेलं असतं, पण सामानाच्या दुकानात त्यालाही बटर पेपरच म्हणतात. हा साधारण २२० अंशांपर्यंत टिकतो. मेणकागदातलं पॅराफिन ५०-६० अंशांच्या आसपासच वितळायला लागतं. नानकटाईखाली मेणकागद घातला तर मेण नानकटाईत जातं, उघड्या कडा धुरकटतात, आणि वास दिवसभर घरात राहतो. अमेरिकेतल्या मराठी घरांत ही चूक कमी होते, कारण तिथे दुकानात ‘वॅक्स पेपर’ आणि ‘पार्चमेंट’ असे दोन वेगळे खोके शेजारी-शेजारी असतात. गोठवायच्या पोळ्यांमध्ये पहिला, ओव्हनमध्ये दुसरा. इंग्रजीतली यादी मराठीत येताना मात्र दोन्हींचं भाषांतर एकच झालं.

कोणी म्हणेल, नावात काय आहे, वापरताना कळतंच. नाही कळत. चारही कागद पांढरट, चारही थोडेफार आरपार दिसणारे, आणि दुकानदाराला विचारलं तर ‘ताई, सगळे फूड ग्रेडच आहेत’ हे उत्तर. मराठीत ‘मेणकागद’ हा नेमका शब्द हाताशी असताना तो बाजारातून गेला, हा तोटा या लेखकाला सगळ्यात मोठा वाटतो.

तो गेला त्याचं कारण सरळ आहे : कागदच गेला. ब्रेडला पॉलिथिनची पिशवी मिळाली, दुधाला पिशवी मिळाली, गोळ्यांना चकचकीत वेष्टनं. डब्यातल्या पोळ्यांभोवती ॲल्युमिनियम फॉइल आली. फडताळात घडी घालून ठेवण्याच्या जागी आता पिशव्यांची पिशवी आली.

कागद परतला तो सरकारी आदेशांच्या रेट्याने. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा यंत्रणेने खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नका असं सांगितलं. छपाईच्या शाईवर बोट होतं, आणि वडापावची रद्दी पहिल्यांदाच अडचणीत आली. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तीन महिन्यांची मुदत संपल्यावर २३ जूनपासून दंड सुरू झाले. कोपऱ्यावरचा सँडविचवाला, पोळीभाजी केंद्र, मिठाईचं दुकान सगळ्यांना कागद हवा झाला. पण बाजारात पटकन मिळाला तो आतून प्लास्टिकचं अस्तर असलेला. तो कागद मानायचा की प्लास्टिक, यावर वाद चालू राहिला, आणि जुलै २०२२ मध्ये राज्याने असं अस्तर दिलेले पेले, ताटल्या आणि डबे बंदीत घेतले. हे चार वर्षं आधी स्पष्ट झालं असतं तर लहान विक्रेत्यांनी दोनदा माल बदलला नसता. मेणाचा कागद या वादात नावानिशी क्वचितच आला. पॅराफिनही खनिज तेलातूनच येतं, पण तो मुद्दा लावून धरायला कोणी उत्सुक दिसलं नाही.

आज शहरी दुकानांत मधमाशीचं मेण, राळ आणि तेल लावलेले सुती कापडाचे रंगीत तुकडे मिळतात, भांड्यावर झाकायला. गार पाण्याने धुवायचे, हाताच्या उबेने घडी बसवायची. खोक्यावर ‘बीज्वॅक्स रॅप’ लिहिलेलं असतं. मेणकापड हा शब्द त्यावर अजून कोणी छापलेला दिसत नाही.

घरात पडलेला रोल कोणता हे ओळखायचं असेल तर नखाने ओरखडा काढावा : नखाखाली पांढरा कीस आला तर मेणकागद, आणि खण त्यावरच सरकेल. काहीच आलं नाही तर खोक्यावर तापमानाचा आकडा शोधावा. आकडा असेल तर केकला, नसेल तर भरतकामाच्या पेटीत.