एलिया

एलिया : ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही परंपरांनी आपला मानलेला प्राचीन इस्राएलचा संदेष्टा. काळ इ. स. पू. ९ वे शतक. हिब्रूत एलियाहू, कुराणात इलियास. नावाचा अर्थ ‘याहवे (इस्राएलचा एकमेव देव) हाच माझा देव’. जन्मभर तो भांडला तो याच एका गोष्टीसाठी.

इस्राएलचा राजा अहाब आणि त्याची सिदोन शहराकडची राणी ईजबेल यांनी बआल या दैवताची पूजा वाढवली, तेव्हा एलियाने पाऊस पडणार नाही असे बजावले. दुष्काळात सारफथ गावच्या एका विधवेने उरलेल्या मूठभर पिठाची भाकर त्याला करून घातली. पाऊस येईपर्यंत तिच्या मडक्यातले पीठ संपले नाही. पुढे खरा देव कोण हे दाखवायला कर्मेल डोंगरावर बआलच्या ४५० संदेष्ट्यांसमोर त्याने १२ दगडांची वेदी रचली, तिच्यावर तीनदा चार-चार घागरी पाणी ओतले, आणि त्या भिजल्या लाकडांवर आकाशातून अग्नी उतरला. कुराणात ही कथा इतक्या विस्ताराने नाही. पण ३७ व्या सूरेत (अध्यायात) इलियास लोकांना तेच विचारतो : निर्मात्याला सोडून बआलला का हाका मारता?

बायबलनुसार एलियाला मरण आलेच नाही. अग्निरथ आला आणि तो वावटळीतून स्वर्गात गेला. त्यामुळे तो परत येईल ही आशा टिकली. वल्हांडण या सणाच्या रात्री ज्यू घरांत त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरतात, दार उघडतात. सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. येशूने बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला ‘येणारा एलिया’ म्हटले. इस्राएलमधल्या हैफा शहरातील त्याच्या गुहेत तिन्ही धर्मांचे लोक येतात.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची त्याच्यावरची श्रद्धा मात्र खास जिव्हाळ्याची आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या मानतात. त्या जागेला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात; हनाबी म्हणजे संदेष्टा. नवस फेडताना किंवा लग्नाआधी घरी मलिदा होतो : भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, वर सुकामेवा, भोवती फळे. ताट मध्ये ठेवून सगळे मिळून ‘एलियाहू हनाबी’ गातात, मग फळे आणि पोहे वाटतात.