दृष्टिपटलावरची लाल गाठ

वडोदऱ्यात दांडिया बाजाराकडच्या जुन्या मराठी घरांत कुळवृत्तांत जपून ठेवलेला सापडतो. कोण कुठून आलं, कोणाची सोयरीक कुठे झाली, सगळं त्यात असतं. कोण कशानं गेलं, हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. दृष्टिपटलावरच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, हिमँजिओब्लास्टोमा या गाठीच्या बाबतीत नेमकी तीच माहिती लागते.

ही रक्तवाहिन्यांची गाठ कर्करोगाची नसते. थेंब घालून बाहुली मोठी केली आणि डॉक्टरांनी पडद्याच्या कडेपर्यंत नीट पाहिलं, की केशरी-लाल गोळा दिसतो. त्याला जोडलेल्या दोन वाहिन्या फुगलेल्या, नागमोडी असतात. एक रक्त आणते, दुसरी नेते. गाठ लहान असेपर्यंत रुग्णाला काहीच जाणवत नाही. पुढे तिच्यातून द्रव पाझरतो, पडद्याच्या मध्यभागी पिवळट साका बसतो, नजर अंधुक होते आणि पडदा सुटूही शकतो.

अशा गाठी अनेक असल्या, किंवा दोन्ही डोळ्यांत असल्या, तर फॉन हिपेल-लिंडाउ हा आनुवंशिक आजार असण्याची शक्यता मोठी. जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन हिपेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोळ्यातल्या गाठींचं वर्णन केलं. स्वीडनच्या आर्विड लिंडाउ यांनी १९२६ मध्ये त्यांचा मेंदूतल्या गाठींशी संबंध जोडला. या आजारामागचं व्हीएचएल जनुक १९९३ मध्ये सापडलं. ते बिघडलं की पेशीला भरपूर प्राणवायू मिळत असूनही तो कमी पडतोय असंच वाटत राहतं, आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते. पेशींना प्राणवायूची जाणीव कशी होते, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं.

गाठ दीड मिलिमीटरच्या आत असेल तर लेझर बहुधा पुरतो, कधी दोन-तीन बैठका लागतात. कडेची मोठी गाठ गोठवतात. त्याहून मोठीला किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया. मोठ्या गाठीवर उपचार केल्यावर काही दिवस पाझर उलट वाढतो, हे रुग्णाला आधीच सांगायला हवं. डोळ्यात देतात त्या इंजेक्शनांनी सूज उतरते, गाठ सहसा जात नाही. सगळ्यांत अवघड जागा दृष्टिचेतेलगतची, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेजवळची, कारण तिथे लेझरने नजरच जळू शकते. बेलझुटिफान ही गोळी अमेरिकेत २०२१ मध्ये या आजाराच्या मूत्रपिंड, मेंदू-मज्जारज्जू आणि स्वादुपिंडातल्या गाठींसाठी मंजूर झाली. डोळ्यांतल्या गाठीही तिने सुधारल्याचं चाचणीत दिसलं. ती गरोदरपणात मात्र चालत नाही.

म्हणून डॉक्टर घरच्यांबद्दल विचारतात तेव्हा ‘आत्याच्या डोक्यात गाठ होती’, ‘काकांचं मूत्रपिंड काढलं’ हे सांगायलाच हवं. आई-वडिलांपैकी एकाला आजार असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. अशा मुलांचे डोळे पहिल्या वर्षापासून तपासतात. घरातला जनुकदोष नेमका माहीत असेल आणि मुलात तो नसेल, तर त्या मुलाला पुढच्या तपासण्या कराव्याच लागत नाहीत.