एसटीसी-१००० आणि पीआयडी: फ्रिजला कोणता, टाकीला कोणता?

दोन्ही डब्याला खाच पाडून बसवायचे, दोन्हींवर लाल आकडे, मागे स्क्रूचे टर्मिनल, आणि दोन्ही ‘टेंपरेचर कंट्रोलर’ म्हणूनच विकले जातात. त्यामुळे घरी बिअर करू पाहणारा माणूस हाती लागेल तो घेतो आणि एकाची वायरिंग बघून दुसरा जोडतो. निवड खरं तर किमतीवर किंवा अचूकतेवर करायचीच नाही. पुढे काय चालवायचं आहे, एवढंच पाहायचं: कॉम्प्रेसर की हीटिंग कॉइल?

आंबवण्यासाठी जुना फ्रिज वापरायचा असेल, तर एसटीसी-१००० घ्या. एल प्रकारच्या बिअरला १८ ते २२ अंश लागतात, लागर प्रकाराला ८ ते १३. आणि डबाभर द्रवाचं तापमान इतकं सावकाश हलतं की साधं चालू-बंद नियंत्रण पुरतं. याच्या पोटात दोन रिले (विजेने चालणारे स्विच) असतात, एक गरम करायला, एक थंड करायला. टर्मिनल १ आणि २ वर कंट्रोलरचा स्वतःचा पुरवठा, ३ आणि ४ वर सेन्सर, ५-६ हीटिंग, ७-८ कूलिंग.

घोटाळा होतो तो ५ ते ८ मध्ये. तिथून वीज बाहेर येत नाही; ते नुसते स्विच आहेत. पुरवठ्याच्या फेजमधून वायरचा एकेक तुकडा काढून ५ आणि ७ ला द्यायचा, ६ आणि ८ मधून निघालेली वायर आपापल्या सॉकेटच्या फेजला न्यायची. न्यूट्रल आणि अर्थिंग कंट्रोलरला वळसा घालून थेट सॉकेटवर. हा तुकडा विसरला की दिवा लागतो, रिले ‘टक’ वाजतो आणि फ्रिज मात्र ढिम्म. अमेरिकेत असाल तर ११० व्होल्टचा प्रकार मागून घ्या. २२० चा वेगळा येतो.

एसटीसीची एफ-३ ही सेटिंग मला सगळ्यात मोलाची वाटते. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर किती मिनिटं थांबायचं ते ती ठरवते, आणि ती कमीत कमी ठेवू नका. गॅसचा दाब उतरायच्या आत कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला, तर मोटर अडकून तापते.

आता टाकी, म्हणजे माल्ट भिजवायचं भांडं. जवाचं माल्ट ६४ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं असतं, आणि दोन-तीन अंशांच्या फरकाने बिअर हलकी किंवा गोडसर होते. चालू-बंद कंट्रोलर नेमलेल्या आकड्यावर कॉइल बंद करतो, पण तापलेली कॉइल पुढेही उष्णता देतच राहते. पीआयडी (फरक बघून वीज कमी-जास्त करणारा कंट्रोलर) मात्र आकडा जवळ येताच वीज तुकड्या-तुकड्याने द्यायला लागतो. आरईएक्स-सी१०० हा त्यातला सहज मिळणारा.

हा कंट्रोलर एसएसआरला (सॉलिड-स्टेट रिले, म्हणजे हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) कॉइलची वीज देत नाही, काही व्होल्टचा डीसी इशारा देतो. इशाऱ्याच्या वायरींना अधिक-उणे असतं, ते उलटं चालत नाही. कॉइलची फेज एसएसआरच्या दुसऱ्या बाजूने जाते. खरेदी करताना मॉडेल नंबर नीट वाचा: शेवटच्या भागात, डॅशनंतर ‘व्ही’ असेल तर एसएसआरसाठी, ‘एम’ असेल तर आत रिले. ‘एम’ कंट्रोलर आणि सोबत एसएसआर असे जोड सर्रास विकले जातात, आणि ते सरळ जोडून चालत नाहीत.

‘एम’मधल्या रिलेवरच २ सेकंदांचं चालू-बंद आवर्तन लावलं तर? मिनिटाला ३० वेळा टकटक. भाराखाली रिलेचं आयुष्य साधारण १ लाख वेळांचं, म्हणजे ५५-५६ तासांत तो संपेल. हेच आवर्तन कॉम्प्रेसरला दिलं तर तो त्याच्याही आधी जाईल. उलट बाजूने, एसटीसीचा रिले १० अँपिअरचा. २३० व्होल्टवर ३ किलोवॉटची कॉइल १३ अँपिअर ओढते, म्हणजे ती त्याच्यावर लावायचीच नाही. सेन्सरही अदलाबदल करू नका: एसटीसीला एनटीसी (तापमानागणिक रोध बदलणारा सेन्सर) लागतो, पीआयडीसोबत बहुधा के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडाचा सेन्सर) येतो.

एसएसआर प्रत्येक अँपिअरमागे एक वॉटहून जास्त उष्णता सोडतो, म्हणून हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि मधे थर्मल पेस्ट हवीच. तो बिघडला तर बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो, आणि बंद असतानाही थोडा करंट झिरपू देतो. म्हणून कॉइलच्या वाटेवर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच, मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि स्टीलच्या टाकीला पक्कं अर्थिंग द्या. टाकीत हात घालण्याआधी पीआयडीचा दिवा बघून थांबू नका, प्लगच काढा.