टेबलावरचं टूलकिट तळहातावर

नोकियाने 2005मध्ये ‘770’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्यावरून फोन लावता येत नसे. वाय-फायवर इंटरनेट बघायचं, एवढंच त्याचं काम. आत मात्र लिनक्स होतं, आणि बटणं, मेनू, खिडक्या काढायला जीटीके हे डेस्कटॉपवरचं टूलकिट. ‘गिंप’ हा चित्रांचा प्रोग्राम लिहिताना तयार झालेलं, पुढे लिनक्सवरच्या नोम डेस्कटॉपचा पाया बनलेलं. डेव्हलपरांना मोह पडणारच: तयार प्रोग्राम घ्यायचे, 770मधल्या एआरएम प्रोसेसरसाठी पुन्हा कंपाइल करायचे, म्हणजे त्याला कळणाऱ्या सूचनांत बदलायचे, की काम फत्ते!

पहिली अडचण कंपाइल करतानाच यायची. 64 एमबी रॅमच्या यंत्रावर ते करणं म्हणजे दिवस घालवणं. म्हणून पीसीवर करायचं. पण कंपाइलचं काम पार पाडणाऱ्या बिल्ड स्क्रिप्ट मध्येच छोटे चाचणी प्रोग्राम बनवून चालवून बघतात, आणि एआरएमसाठी बनलेला प्रोग्राम पीसीवर कसा चालेल? यावर ‘स्क्रॅचबॉक्स’ हा तोडगा निघाला. असा प्रोग्राम समोर आला की तो गुपचूप क्यूईएमयू या एमुलेटरकडे, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवला जाई. स्क्रिप्टला पत्ताही लागत नसे.

दुसरी अडचण अपूर्णांकांची. 770च्या प्रोसेसरमध्ये दशांश चिन्हाच्या संख्यांसाठी वेगळं हार्डवेअर नव्हतं, त्यामुळे असं प्रत्येक गणित सॉफ्टवेअरमधून, रखडत व्हायचं. जीटीकेसाठी आकार आणि अक्षरं काढणारी कैरो लायब्ररी तर सगळे निर्देशांक अपूर्णांकातच घेते आणि आत त्यांचं पूर्णांकात रूपांतर करते. या रूपांतरावर शोधलेली युक्ती मला फार आवडते. संख्येत 103079215104 मिळवायचे, म्हणजे दोनाच्या 36व्या घाताची दीडपट. बेरीज होताच मूळ संख्येचे बिट सरकून नेमक्या हव्या त्या जागी बसतात. खालचे 32 बिट उचलले की पूर्णांक तयार. गुणाकार नाही, वेगळं रूपांतर नाही, फक्त एक बेरीज.

वेगाचे प्रश्न असे डोकं लढवून सुटत गेले. खरा घोळ बोटांचा होता. 770चा पडदा 4.1 इंचाचा आणि त्यावर 800 गुणिले 480 पिक्सेल, म्हणजे इंचाला सव्वादोनशेच्या आसपास. डेस्कटॉपवर 16 पिक्सेलचं चिन्ह चार मिलिमीटरांहून थोडं मोठं दिसायचं, इथे ते जेमतेम पावणेदोन मिलिमीटरांचं झालं. स्टायलसने जमायचं, अंगठ्याने अशक्य. शिवाय माउस नुसता बटणावर नेऊन थांबवला की माहिती दाखवायची, ही डेस्कटॉपची लाडकी सवय. बोट ‘नुसतं वर’ थांबल्याचं पडद्याला कळणार कसं? उजवी क्लिकही नाही. म्हणून नोकियाने जीटीकेमध्येच ‘दाबून धरा’ ही सोय घातली, आणि वर ‘हिल्डन’ नावाचा थर चढवला. तयार प्रोग्राम त्यात बसवण्याला डेव्हलपर ‘हिल्डनाइझ करणं’ म्हणत. यात मेनूपट्टी काढून खिडकीच्या शीर्षकात घालायची आणि ‘ओके’ बटण पडद्याबाहेर जाणारे लांबलचक डायलॉग तोडायचे. नुसत्या कंपाइलचं काम आता अर्धं पुनर्लेखन झालं होतं. त्यातच नोकियाचं जीटीके मूळ जीटीकेपासून फटकून राहिलं, त्याचा सांभाळ हा वेगळाच ताप.

त्याआधी शार्पच्या झॉरस या तळहातावरच्या संगणकाने वेगळी वाट धरली होती. ओस्लोच्या ट्रोलटेक कंपनीचं क्यूटी टूलकिट त्यावर एक्स विंडो सिस्टिमला (लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या नेहमीच्या व्यवस्थेला) फाटा देऊन थेट फ्रेमबफरवर, म्हणजे पडद्याच्या मेमरीतच, चित्र काढायचं. रॅम वाचली, पण एक्सवर चालणारे तयार प्रोग्रामही हातचे गेले. पुढे 2008मध्ये नोकियाने ट्रोलटेकच विकत घेतली आणि जीटीकेचा मार्ग हळूहळू सोडला.

गंमत म्हणजे हा प्रश्न पुढे जीटीकेच्या घरातच पुन्हा हाताळला गेला. प्युरिझम कंपनीने 2018मध्ये आपल्या लिब्रेम 5 या लिनक्स फोनसाठी ‘लिबहँडी’ ही लायब्ररी काढली. तिच्यात ‘लीफलेट’ नावाचा घटक आहे: जागा असेल तर दोन रकाने शेजारी-शेजारी, नसेल तर एकच, आणि मागे जायला बाण. त्यामुळे फोनसाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागत नाही. तिची वारसदार ‘लिबअद्वैता’ आता नोमच्या प्रोग्रामांत मुरली आहे. डेस्कटॉपवर सेटिंग्जची खिडकी कोपऱ्यातून धरून अरुंद करत न्या, दोनाचा एक रकाना होताना दिसेल.