ई-थ्री का संपले आणि कोलोनची रांग का टिकली

अमेरिकेतील व्हिडिओ गेम उद्योगाची संघटना असलेल्या एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर असोसिएशनने १२ डिसेंबर २०२३ रोजी ई-थ्री हे आपले वार्षिक प्रदर्शन कायमचे बंद केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतील कोलोन शहरात भरलेल्या गेम्सकॉम या गेम प्रदर्शनाला सुमारे ३,२०,००० लोक आले होते. या दोन घटना शेजारी ठेवल्या, की इंटरनेटमुळे अशा प्रदर्शनांची गरजच उरली नाही, हा नेहमी ऐकू येणारा निष्कर्ष टिकत नाही. नेमके काय संपले हे कळण्यासाठी ही प्रदर्शने मुळात कोणासाठी सुरू झाली, तिथपर्यंत मागे जावे लागते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील गेम कंपन्यांना स्वतःचे प्रदर्शन नव्हते. दूरदर्शन संच, टेपरेकॉर्डर आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सीईएस या मोठ्या व्यापारी प्रदर्शनात त्यांना मिळेल ती जागा घ्यावी लागे. १९९१ मध्ये लास व्हेगासला सेगा या जपानी गेम कंपनीच्या वाट्याला मुख्य इमारतीमागचा तंबू आला आणि पावसाचे पाणी गळून थेट यंत्रांवर पडले, अशी आठवण कंपनीचे तेव्हाचे अमेरिकेतील प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनी पुढे सांगितली आहे. १९९३ मध्ये गेममधील हिंसाचारावर अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली, तिच्या दबावातून १९९४ मध्ये उद्योगाची संघटना उभी राहिली आणि त्या संघटनेच्या पाठबळावर मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये पहिले ई-थ्री भरले. पहिल्याच वर्षी ४०,००० हून अधिक लोक आले.

हे लोक मात्र सामान्य खेळाडू नव्हते. ते दुकानांच्या साखळ्यांचे खरेदीदार, वितरक आणि पत्रकार होते. नाताळात कोणता गेम किती विकला जाईल याचा अंदाज बांधून काही महिने आधी ऑर्डर नोंदवायची, हे त्यांचे काम होते आणि म्हणूनच प्रदर्शन उन्हाळ्याच्या तोंडावर भरत असे. दुकानदाराचे वजन किती होते, हे पहिल्याच ई-थ्रीमध्ये दिसले. सॅटर्न हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, सप्टेंबरमध्ये येणार असे आधी सांगितले असताना, तो ३९९ डॉलरला आजपासूनच मिळेल, असे सेगाने व्यासपीठावरून जाहीर केले. पण माल मोजक्याच साखळ्यांकडे पोहोचला होता. वगळल्या गेलेल्यांपैकी केबी टॉइज या खेळण्यांच्या साखळीने रागावून सेगाचा माल ठेवणेच सोडले. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, '२९९' एवढेच म्हणाले आणि खाली उतरले. सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलची किंमत सेगापेक्षा १०० डॉलरने कमी आहे, एवढे सभागृहाला कळणे पुरेसे होते.

अशा घोषणांच्या कथा वारंवार सांगितल्या जातात, पण माझ्या मते प्रदर्शनांचे खरे मोल दुसरीकडे होते. नोव्हेंबर १९९५ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने जपानमधील माकुहारी मेस्से या प्रदर्शन केंद्रात 'निन्टेन्डो ६४' हा कन्सोल लोकांसमोर ठेवला, तेव्हा त्याच्या कंट्रोलरवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या साधनावर, मध्यभागी अंगठ्याने फिरवायची एक लहानशी दांडी होती. ती हलकेच ढकलली की गेममधला मारिओ पावले न वाजवता चालतो आणि पुरती ढकलली की धावतो. हा फरक छायाचित्रात दिसत नाही. तो अंगठ्यालाच कळावा लागतो. २००६ च्या ई-थ्रीमध्ये दरवाजे उघडताच लोक निन्टेन्डोच्या स्टॉलकडे धावले आणि वी हा नवा कन्सोल हातात घेण्यासाठी काही तास रांगेत उभे राहिले, त्याचेही कारण तेच होते. हात हलवून खेळायचा गेम कसा लागतो, हे हात हलवल्याशिवाय कोणाला सांगता येणार?

ई-थ्रीची पायाभूत गरज मात्र झिजत गेली. खर्च वाढल्याने २००७ मध्ये ते केवळ निमंत्रितांसाठी सांता मोनिकाला नेण्यात आले, तो प्रयोग फसला आणि २००९ मध्ये जुने स्वरूप परत आले. पण गेम डाउनलोड होऊ लागल्यावर दुकानातील खरेदीदाराचे महत्त्व घटले होते. २०११ मध्ये निन्टेन्डोने डायरेक्ट या नावाने स्वतःचे चित्रित कार्यक्रम थेट खेळाडूंसमोर मांडायला सुरुवात केली. २०१७ मध्ये ई-थ्रीने सामान्यांसाठी १५,००० तिकिटे काढली, तरी मांडणी व्यापाऱ्यांच्या सोयीची असल्याने गर्दी वाढली आणि सोय झाली नाही. २०१९ मध्ये सोनी आलीच नाही. कोविडने २०२० चे प्रदर्शन रद्द झाले, आणि त्यानंतर ते प्रत्यक्षात कधीच भरले नाही.

कोलोनची घडण वेगळी आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या टोकियो गेम शोप्रमाणे, आणि २००२ पासून जर्मनीतल्याच लाइपझिगमध्ये भरत असलेल्या ज्या प्रदर्शनाची जागा २००९ मध्ये गेम्सकॉमने घेतली त्याप्रमाणे, येथेही व्यापाऱ्यांची आणि लोकांची व्यवस्था वेगळी ठेवलेली असते. पुठ्ठ्याची घडीची स्टुले घेऊन लोक तासन्तास रांगेत बसतात आणि शेजारच्या अनोळखी माणसाशी त्यांच्या गप्पा रंगतात. २००४ मध्ये अमेरिकेतील बेलव्ह्यू येथे सुरू झालेले पॅक्स हे प्रदर्शनही खेळाडूंसाठीच उभारलेले आहे.

या मेळाव्यांचा सर्वांत मोठा लाभ लहान स्टुडिओंना होतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. १९८८ मध्ये गेमनिर्माते ख्रिस क्रॉफर्ड यांच्या सॅन होजे येथील घराच्या दिवाणखान्यात पंचवीसेक गेमनिर्माते जमले आणि त्यातून पुढे गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स ही गेमनिर्मात्यांची परिषद उभी राहिली. भारतात भरणारी इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स याच परंपरेतली आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी हा गेम आणला. त्यानंतर अशा लहान चमूंकडे पाहण्याची आपली नजर बदलली असली, तरी त्यांची मूळ अडचण कायम आहे: आपला गेम परक्या माणसाच्या हातात कसा चालतो, हे त्यांना घरी बसून कळत नाही. मेळाव्यात एका टेबलावर एक पडदा आणि एक कंट्रोलर एवढेच असते. निर्माता खेळणाऱ्याच्या मागे उभा राहतो आणि मुद्दाम काही बोलत नाही. दार समोर असूनही तिसरा माणूस डावीकडच्या भिंतीवर जाऊन आपटतो, चौथाही तिथेच आपटतो, मग निर्माता वहीत टिपण करतो. त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत लॅपटॉप उघडून तो दाराशी एक दिवा लावतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर तो बदललेला गेम असतो.