पेटके टाळण्याच्या सल्ल्यामागचा इतिहास: मीठ, पाणी आणि ताण

पोटरीत गोळा येतो, पायाची बोटे आपोआप वळतात आणि माणूस दोन्ही हातांनी पाय घट्ट धरून बसतो. अशा वेळी मिळणारा सल्ला बहुधा ठरलेला असतो: पाणी भरपूर प्या, आहारातील क्षार सांभाळा, स्नायूंना ताण द्या. एका दमात सांगितल्या जाणाऱ्या या तीन गोष्टी मुळात वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या रुग्णांच्या निरीक्षणातून पुढे आल्या. भट्टीपुढे राबणारा कामगार, शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यातला धावपटू आणि मध्यरात्री वेदनेने जागा होणारा वृद्ध या तिघांच्या तक्रारीला आपण ‘पेटका’ हा एकच शब्द वापरतो, पण त्यांचे आजार एकच आहेत असे समजायला फारसा आधार नाही.

यांतील सर्वांत जुना धागा मिठाचा आहे. वाफेच्या युगात जहाजांच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे, खोल खाणींत उतरणारे आणि पोलादाच्या भट्ट्यांवर काम करणारे कामगार हातापायांच्या आणि पोटाच्या तीव्र पेटक्यांनी कोसळत असत. अमेरिकी वैद्य डेव्हिड एडसॉल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या विकाराचे सविस्तर वर्णन केले. पुढे 1923 मध्ये के. नेव्हिल मॉस यांनी इंग्लंडमधील उष्ण कोळसा खाणींतील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि घामावाटे मीठ जाणे, त्यावर भरमसाट पाणी पिणे आणि ते पाणी मूत्रपिंडांकडून वेळेवर बाहेर न टाकले जाणे, या तिन्हींच्या संयोगातून पेटके येतात, असे मत मांडले. त्यांच्या मते ही एक प्रकारे पाण्याचीच बाधा होती. कामगारांच्या पिण्याच्या पाण्यात थोडे मीठ घालावे, हा त्यावरचा उपाय होता. ‘पेटका आला की पाणी प्या’ असे आज आपण सहज म्हणतो, तेव्हा या संशोधनाचा पहिला निष्कर्ष जवळजवळ उलट होता, हे विसरले जाते.

यामागचे गणित साधे आहे. घाम खारट लागत असला तरी त्यात मिठाचे प्रमाण रक्तापेक्षा कमी असते. त्यामुळे नुसता घाम गेला, तर शरीरातून मिठाच्या मानाने पाणी अधिक जाते. मात्र गेलेल्या घामाची भरपाई केवळ साध्या पाण्याने केली, तर पाणी परत येते, मीठ येत नाही आणि रक्तातील सोडियम (मिठातला एक मुख्य घटक) उतरू लागते. अमेरिकेत 1930च्या दशकात हूवर धरणाचे बांधकाम चालू असताना हार्वर्डच्या थकवाविषयक प्रयोगशाळेतील संशोधकांनी तेथील कामगारांची तपासणी केली, तेव्हा पेटके आलेल्यांच्या रक्तात सोडियम आणि क्लोराइड कमी आढळले, आणि शिरेतून मिठाचे द्रावण दिल्यावर त्यांना आराम पडला. ब्रिटनमध्ये रॉबर्ट मॅकान्स यांनी तर स्वतःवर आणि काही स्वयंसेवकांवर प्रयोग केला. बिनमिठाचे अन्न खायचे आणि मुद्दाम उष्णता देऊन घाम काढायचा, अशा रीतीने काही दिवसांत शरीरातील मीठ घटवल्यावर पेटके आले, थकवा आला आणि अन्नाची चवही गेली. हे निष्कर्ष त्यांनी 1936 मध्ये प्रसिद्ध केले.

भट्टीवरचे हे ज्ञान मग मैदानावर आले. फ्लोरिडा विद्यापीठातील रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये तेथील फुटबॉल खेळाडूंसाठी साखर आणि क्षार असलेले पेय तयार केले, आणि पुढे क्रीडापेयांचा मोठा उद्योग उभा राहिला. त्याबरोबर ‘पेटका म्हणजे पाणी आणि क्षारांची कमतरता’ हे समीकरणही रूढ झाले. परंतु आठ तास भट्टीपुढे राबणाऱ्याला जे लागू पडते, ते दोन तास धावणाऱ्याला लागू पडेलच असे नाही. दक्षिण आफ्रिकेतील मार्टिन श्वेलनस यांनी 1997 मध्ये पर्यायी मांडणी केली. त्यांच्या मते थकलेल्या स्नायूकडून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या संदेशांचा तोल बिघडतो: आकुंचनाला चालना देणारे संदेश वाढतात, ते रोखणारे कंडरेतील (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतील) संवेदकांचे संदेश कमी होतात, आणि स्नायू सुटेनासा होतो. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंची शर्यतीनंतर तपासणी केली, तेव्हा पेटके आलेल्या आणि न आलेल्या गटांत निर्जलीकरणाचा किंवा रक्तातील क्षारांचा अर्थपूर्ण फरक दिसला नाही. नेहमीपेक्षा अधिक वेगाने धावणे आणि पूर्वी पेटके आलेले असणे, या गोष्टी मात्र पुन्हापुन्हा आढळल्या. दरम्यान, अति पाणी पिण्याचा धोकाही समोर आला होता. 2002च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण कमी भरले.

ताण देण्याचा इतिहास या सगळ्यापासून वेगळा आहे. स्नायू आखूड अवस्थेत असताना जोराने आकुंचन पावला, तर पेटका आणता येतो, आणि विरुद्ध बाजूचा स्नायू आवळला की तो थांबवता येतो, हे 1957 मध्ये विद्युत्-नोंदींच्या साहाय्याने दाखवण्यात आले. झोपेत पाऊल खाली ताणलेले राहते आणि पोटरी आखूड होते, त्यामुळे रात्रीच्या पेटक्यांशी याचा संबंध सहज जोडता येतो. 1979 मध्ये एच. डब्ल्यू. डॅनिएल यांनी यावर एक सोपा व्यायाम सुचवला. भिंतीपासून दोन-तीन फुटांवर अनवाणी उभे राहायचे, टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवून भिंतीकडे झुकायचे, पोटरी ओढली जाईल तेथे दहा सेकंद थांबायचे, आणि हे दिवसातून तीन वेळा करायचे. त्यांच्या रुग्णांना गुण आला खरा, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. 2005च्या ब्रिटिश चाचणीत क्विनाइन (मलेरियावरचे जुने औषध) घेणाऱ्या साठीपुढील रुग्णांना अशा व्यायामाचा फायदा दिसला नाही, तर 2012च्या डच चाचणीत 55 वर्षांवरील 80 जणांत झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीचा मागचा भाग ताणल्याने सहा आठवड्यांत पेटके कमी झाले. माझ्या मते या विरोधी निकालांनंतरही व्यायामाची बाजू भक्कम राहते, कारण त्याचा खर्च नाही आणि धोका जवळपास नाही. क्विनाइनबद्दल असे म्हणता येत नाही. 1940च्या सुमारास रात्रीच्या पेटक्यांवर ते लोकप्रिय झाले, पण रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट) घटणे आणि हृदयाची लय बिघडणे अशा दुष्परिणामांमुळे अमेरिकेत 1994 पासून चिठ्ठीशिवाय त्याची विक्री बंद झाली.

आहाराची बाजू त्या मानाने दुबळी आहे. वृद्धांच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा लक्षणीय उपयोग होण्याची शक्यता कमी आहे, असा निष्कर्ष 2020च्या कॉक्रेन आढाव्याने (उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासाने) दिला. केळ्याचेही तसेच आहे: खाल्ल्यानंतर रक्तातील पोटॅशियम थोडेसे वाढायलाच बराच वेळ लागतो, तोवर पेटका कधीच ओसरलेला असतो. उलट 2010च्या एका अमेरिकी प्रयोगात काकडीच्या आंबट-खारट लोणच्याचे पाणी प्यायल्यावर विजेच्या साहाय्याने आणलेला पेटका साध्या पाण्याच्या तुलनेत लवकर सुटला. एवढ्या अवधीत रक्तातील क्षार बदललेलेच नव्हते. आंबट चवीने घशातील मज्जातंतूंना मिळणारी चेतना स्नायूचे आकुंचन रोखत असावी, असा तर्क त्यावरून करण्यात आला.

म्हणून मिठाचा सिद्धान्त मोडीत निघाला असे मात्र नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात दहा पुरुषांना उष्ण हवेत उतारावर धावायला लावून घाम काढण्यात आला, आणि मग एका वेळी साधे पाणी व दुसऱ्या वेळी क्षारयुक्त पेय देण्यात आले. साध्या पाण्यानंतर त्यांच्या पोटरीत पेटका अधिक सहज आणता आला, क्षारयुक्त पेयानंतर तो आणणे अधिक कठीण गेले. अर्थात हे पेटकेही विजेने आणलेले होते, आणि सहभागी होते अवघे दहा.