अर्धवट राहिलेली पदवी : झालेली वर्षे धरून घ्यायची असतील, तर आधी जुन्या विद्यापीठात जा

दुसरे वर्ष करून नोकरीला लागलेला माणूस किंवा लग्नामुळे तिसऱ्या वर्षाला बसू न शकलेली बाई पंधरा-वीस वर्षांनी पदवीचा विचार करते, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "माझी झालेली वर्षं धरतील ना?" धरू शकतात. बारावीनंतरचे सगळे पुन्हा करावे लागेलच असे नाही. तरीही असे अर्ज सतत परत येतात, आणि मी जे परत आलेले पाहिले, त्यांतल्या बहुतेकांची चूक एकच होती. सुरुवात नव्या विद्यापीठाच्या पोर्टलपासून केली होती. खरे काम जुन्या विद्यापीठात असते. त्याला महिने लागू शकतात, आणि प्रवेशाची मुदत मात्र काही आठवड्यांची असते.

गुणपत्रिका नीट वाचा

"माझं एस. वाय. झालंय" असे सांगणाऱ्या कितीतरी जणांचे एफ. वाय.सुद्धा पूर्ण झालेले नसते. कारण एटीकेटी. एक-दोन विषय राहूनही पुढच्या वर्गात बसता आले, म्हणून आपण पास झालो अशी समजूत वर्षानुवर्षे राहते. पुढच्या वर्गात बसणे वेगळे आणि ते वर्ष उत्तीर्ण असणे वेगळे. थेट पुढच्या वर्षात प्रवेश मागाल, तर आधीचे वर्ष सर्व विषयांसह सुटलेले आहे का, हेच सर्वांत आधी पाहिले जाते. म्हणून प्रत्येक वर्षाची, प्रत्येक सत्राची आणि राहिलेला विषय नंतर सोडवला असेल तर त्या बैठकीचीही गुणपत्रिका काढून ठेवा. हरवली असेल, तर दुय्यम प्रत विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून मिळते. त्यासाठी आसन क्रमांक आणि परीक्षेचा महिना-वर्ष लागते. ते आठवत नसेल, तर महाविद्यालयाच्या कार्यालयातले जुने रजिस्टर पाहायला लावा. "इतकं जुनं रेकॉर्ड नाही" हे उत्तर बऱ्याचदा खिडकीवरूनच मिळते, कपाट उघडल्यावर नाही. लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

जिल्ह्याचे विद्यापीठ मधल्या काळात बदलले असेल, तर इथे एक फेरी वाया जाते. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ साली झाले. त्याआधी तिथल्या महाविद्यालयात शिकलेल्यांच्या परीक्षा औरंगाबादच्या, म्हणजे तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठाच्या. जळगाव, धुळ्याकडच्या महाविद्यालयांसाठी वेगळे विद्यापीठ १९९० साली झाले, त्याआधी ती पुण्याकडे होती. सोलापूर २००४ पूर्वी शिवाजी विद्यापीठात होते आणि गडचिरोली-चंद्रपूर २०११ पूर्वी नागपूरकडे. महाविद्यालय आज कोणाशी संलग्न आहे ते पाहू नका. गुणपत्रिकेच्या माथ्यावर ज्या विद्यापीठाचे नाव आहे, तिकडे जा. नुसते नाव बदलले असेल तर काळजी नको. पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, रेकॉर्ड तेच आहे.

मायग्रेशन घाईने काढू नका

दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर स्थलांतर प्रमाणपत्र लागते. सगळे त्याला मायग्रेशनच म्हणतात. महाविद्यालय सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, शुल्क, अर्ज, एवढ्यावर ते मिळते. पण ते एकदा घेतले की जुन्या विद्यापीठाशी असलेली तुमची नोंदणी संपते. तुमचे तिसऱ्या वर्षाचे दोनच पेपर राहिले असतील, तर आधी परीक्षा विभागात विचारा की ते तिथेच देता येतील का. अभ्यासक्रम बदलला असला, तरी जुन्या विषयाला नवा समकक्ष विषय ठरवून परीक्षा देऊ देतात, आणि मुदत उलटलेल्यांसाठी अधूनमधून विशेष संधीही जाहीर होते. हे न विचारता मायग्रेशन काढून बसलेल्यांना दोन पेपरांच्या जागी अख्खे वर्ष करावे लागलेले मी पाहिले आहे. फार वाईट वाटते, कारण तो कागद काढायला त्यांना कुणीतरी चांगल्या हेतूनेच सांगितलेले असते.

कुणाकडेच नसलेला कागद

जुन्या वार्षिक पद्धतीच्या गुणपत्रिकेवर गुण असतात, श्रेयांक (क्रेडिट) नसतात. मुंबई विद्यापीठातही श्रेयांक पद्धत २०११-१२ पासूनची. मग तुमचा १९९९ चा अर्थशास्त्राचा पेपर आजच्या कोणत्या विषयाइतका धरायचा? ते ठरवायला नवे विद्यापीठ जुना अभ्यासक्रम मागू शकते, तोही विद्यापीठाने साक्षांकित केलेला. हा कागद जपून ठेवलेला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि तो मागणाऱ्यांनाही हे ठाऊक असायला हवे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुन्या अभ्यासक्रम-पुस्तिका कधी कधी सापडतात. विद्यापीठात अभ्यास मंडळांचे काम पाहणारा विभाग असतो, तिथे विचारा. तिथेही दाद लागली नाही, तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा, "अमुक वर्षी लागू असलेल्या अमुक विषयाच्या अभ्यासक्रमाची प्रमाणित प्रत" एवढेच मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात गाऱ्हाणे लिहू नका, तारीख आणि विषयांची नावे अचूक लिहा.

प्रवेश कुठे

नोकरी-घर सांभाळून मराठीतून शिकायचे असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ जवळचे. थेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाची सोय कोणत्या शिक्षणक्रमाला आहे, ते त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत पाहा. अभ्यासकेंद्रावरच्या तोंडी आश्वासनावर शुल्क भरू नका. इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, विभागीय केंद्रे मुंबई, पुणे, नागपूरला आहेत आणि प्रवेश जानेवारी व जुलै अशा दोन सत्रांना असतात. तिथे आधी प्रवेश घ्यायचा आणि मग श्रेयांक हस्तांतराचा वेगळा अर्ज करायचा असतो. प्रवेश झाला म्हणजे जुने विषय आपोआप धरले गेले, असे समजून लोक थांबतात आणि सगळे विषय नव्याने अंगावर येतात. पूर्वी इग्नूतच शिकत असाल आणि सहा वर्षांची कमाल मुदत संपली असेल, तर तुमचा मार्ग पुनर्प्रवेशाचा आहे, हस्तांतराचा नाही.

दूरस्थ पदवीला किंमत नसते असे घरातले म्हणतील. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

एबीसी आयडीचा घोळ

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. दूरस्थ प्रवेशासाठी आता एबीसी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स किंवा श्रेयांक पेढी, हिच्या खात्याचा आयडी लागतो आणि त्यावरून यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडीही काढावा लागतो. म्हणून लोकांना वाटते की आपली जुनी वर्षे त्या खात्यात जमा होतील. होणार नाहीत. श्रेयांक पेढीचे नियम २०२१ चे आहेत आणि २०२१-२२ किंवा त्यानंतर शिकलेल्या विषयांचेच श्रेयांक तिच्यात जमा होतात. २००३ चे एफ. वाय. त्या खात्यात शोधू नका. खाते रिकामे दिसले म्हणजे तुमचे वर्ष बुडाले असेही नाही. तुमचा मार्ग गुणपत्रिका, अभ्यासक्रम आणि समकक्षता, हाच आहे.

खाते खरे उपयोगी पडते ते अलीकडे सोडलेल्यांना. तिथे "सात वर्षं" हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि बहुतेक जण तो चुकीचा वाचतात. पेढीतले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. पण नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परतायचे आहे आणि पदवी सात वर्षांच्या आत संपवायची आहे. म्हणजे "सात वर्षं आहेत" म्हणून पाचव्या वर्षी गेलात, तर परतण्याची मुदत केव्हाच उलटलेली असते.

आणखी एक. पेढीच्या नियमानुसार पदवी देणाऱ्या संस्थेतच किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. १२० श्रेयांकांची पदवी असेल, तर ६०. दोन वर्षांचे ८० घेऊन गेलात, तरी सगळे वापरता येतीलच असे नाही. तेव्हा तिसऱ्या वर्षाऐवजी दुसऱ्याच्या मधूनच सुरुवात करायला सांगितले, तर तो तुमच्यावरचा अन्याय नसतो.

नावे आणि तारखा

एबीसी आयडी आधारवरून निघतो. आधारवर सासरचे नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे, एवढ्यावर अर्ज अडतो. अर्ज भरण्याआधीच विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवा. ते पुरेसे धरत नसतील, तर राजपत्रात नाव-बदल प्रसिद्ध करावा लागतो. हे शेवटच्या आठवड्यात होणारे काम नाही. ज्यांचे फक्त स्पेलिंग वेगळे आहे त्यांनीही आधी आधार दुरुस्त करून घ्यावे.

मधल्या वर्षांच्या खंडाबद्दल स्वयंघोषणापत्र मागतील. त्यात खरे कारण दोन ओळींत लिहा. घर सांभाळले, शेती केली, दुकान चालवले, हे सगळे चालते.

प्रवेशाची "अंतिम तारीख" शुल्क भरण्याची आहे, कागद अपलोड करण्याची की अभ्यासकेंद्राने अर्ज निश्चित करण्याची, हे सूचनेत नीट वाचा. शुल्क मुदतीत भरले आणि निश्चिती राहिली, अशा अर्जांची दरवर्षी माझ्याकडे रीघ लागते. शुल्क भरल्यावर दोन दिवसांनी अभ्यासकेंद्रात फोन करून "माझा अर्ज निश्चित झाला का?" असे विचारा.

आणि एका वर्षात तिन्ही वर्षांची पदवी देतो म्हणणाऱ्या एजंटाकडे मूळ गुणपत्रिका ठेवू नका. अशी सोय कोणत्याच नियमात नाही, आणि गेलेल्या मूळ कागदांसाठी पुन्हा त्याच परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी उभे राहावे लागते.